जिभेनं दाबून बघायचा घेवडा

नाकाला आधी कळतं, मला नंतर. परवा निपाणीहून चिकोडीच्या रस्त्याला लागलो, थोडा पुढं गेलो आणि नाकानं मला न विचारता हाताला सांगितलं, ब्रेक लाव. करकचून ब्रेक. मागं बसलेली मंगल, म्हणजे माझी बायको, माझ्या पाठीवर आदळली.

"अहो, काय झालं? पंक्चर?"

"गुऱ्हाळ!" मी ओरडलोच. "सुरू झालं!"

साठी उलटलेला माणूस भर रस्त्याच्या कडेला हेल्मेट काढून, मान वर करून हुंगत उभा. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत की! ज्यांना त्या वासानं काही होत नाही त्यांची मला कीव येते. रस उकळायला लागला की आधी हिरवा, कच्चा वास येतो, उसाचा पाला चुरगळल्यासारखा. मग मळी वर येते तेव्हा जरा आंबूस. आणि मग पाक धरायला लागला की येतो तो खरा वास, जाड, तांबडा, अंगावरच्या कपड्यांना घरापर्यंत सोडत नाही असा. परवाचा वास तो होता. काहील, म्हणजे रस आटवायची ती भलीमोठी कढई, उतरायला आलेली होती आणि मी रस्त्यावर होतो. थांबणार कोण? गाडी तशीच बांधावरून आत घातली.

तिथं मला माणसं ओळखत नाहीत, मी त्यांना ओळखत नाही. पण गुऱ्हाळावर आलेल्याला परत पाठवायची पद्धत आपल्याकडं नाही. गरम गुळाचा गोळा उसाच्या कांडक्यावर गुंडाळून हातात आला. तो फुंकत फुंकत खाल्ला आणि मग काकवी मागितली. गूळ घट्ट व्हायच्या जरा आधी काहिलीतनं काढून घेतलेला तो दाट, तांबडा-काळा पाक. भांडं नव्हतं, म्हणून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून घेतली. बाटली गरम काकवीनं बसकी झाली, वाकडी झाली, पण फुटली नाही. ती मंगलच्या मांडीवर देऊन मी म्हटलं, "जपून धर. ह्यात आक्काचं जेवण आहे."

दरवर्षी हा वास येतो आणि दरवर्षी मी वेडा होतो, त्यात नवं काही नाही. यंदा मात्र वेडेपणाला कारण होतं.

आक्का माझी थोरली बहीण. बोरगावला असते, मुलाजवळ. पावसाळ्यात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती. काढली, तपासायला पाठवली, साधी निघाली. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा, आम्ही दोघांच्याही पाया पडलो. पण त्यानंतर आक्काचं खाणं गेलं ते गेलंच. एकदा मऊ भात खाताना घास अडकला, ठसका लागला, जीव घाबरा झाला, आणि तेव्हापासून तिनं पेजेशिवाय काही तोंडात घ्यायचं सोडून दिलं. जी बाई उभ्या उभ्या भाकरी-ठेचा खाऊन कामाला लागायची, ती पेजेची वाटी घेऊन तासभर बसायची. अंगावरची साडी दिवसेंदिवस सैल होत गेली. बेळगावातल्या डॉक्टरांनी आत बॅटरी मारून बघितलं, जखम भरलीय म्हणाले. "हेदरबेड्री आक्का, मेत्तग इद्दद्द तिन्री," म्हणजे घाबरू नका, मऊ असेल ते खा. आणि आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, पुढच्या तपासणीपर्यंत वजन चढलं नाही तर नाकातनं नळी घालावी लागेल. गिळता येतंय, पण ह्या गिळत नाहीत.

नळी नको म्हणून धडपड सुरू झाली. आम्ही केळं कुस्करून देऊन बघितलं, रव्याची खीर देऊन बघितली, उकडलेला बटाटा लोण्यात कालवून बघितला. तोंड मिटून मान हलवायची. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं तरी मान हलायचीच.

आणि मग एके सकाळी तिचा फोन. घशातल्या घशात घासत येणारा आवाज.

"शिवा, गुऱ्हाळं सुरू झाली व्हय रं?"

"झाली असतील की. का गं?"

"मग घेवडा कर. मडक्यातला. त्यो गिळंन मी."

मी फोन हातात घेऊन अंगणात उड्या मारल्या. खोटं सांगत नाही. मंगलला वाटलं लॉटरी लागली.

आमचं गुऱ्हाळ होतं निपाणीच्या अलीकडं, आता नाही. ऊस आता ट्रॅक्टरनं कारखान्याला जातो आणि चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या, जागी भाऊबंदांनी गोठा बांधलाय. त्यावर हळहळत बसायचा माझा स्वभाव नाही. पण त्या गुऱ्हाळाची एक रीत होती. हंगामातला पहिला गूळ निघायचा त्या दिवशी चुलवाणाच्या राखेत घेवड्याचं मडकं पुरायचं. वाळला तांबूस घेवडा, त्यात अख्खे कांदे, न सोललेला लसणाचा गड्डा, सुक्या मिरच्या, शेंगदाण्याचं तेल, आणि वरून काहिलीतली काकवी. मडक्यावर मातीचं झाकण, झाकणाच्या कडेनं कणकेचा लेप, की वाफेला बाहेर पडायला जागा नको. आप्पा, म्हणजे आमचे वडील, चिपाडाची तापली राख फावड्यानं बाजूला ओढायचे, खड्डा करायचे, मडकं ठेवायचे, वरनं राख लोटायचे. मग दिवसभर तिकडं कुणी बघायचं नाही. चरक फिरतोय, रस वाहतोय, काहील उकळतेय, पोरं चिपाडांच्या ढिगावरून घसरतायत, आणि राखेच्या पोटात मडकं आपलं गप बसलेलं.

मला ते गप बसणंच सोसायचं नाही. मी दर थोड्या वेळानं जाऊन राखेला कान लावायचो. आक्का म्हणायची, "तुला दमच न्हाय रं. तू ऊस असतास तर उगवायच्या आधी तुरा काढला असतास."

दिवेलागणीला मडकं निघायचं. पण उघडायचं घरातल्यांनी नाही, माहेरवाशिणीनं. चिकोडीहून आत्ती, आप्पांची बहीण, त्यासाठी मुद्दाम यायची. ती कणकेचा लेप फोडायची, झाकण काढायची, एक घेवडा पळीवर घ्यायची, फुंकायची आणि जिभेवर ठेवून टाळ्याला दाबायची. दात लावायचा नाही! नुसत्या जिभेनं विरघळला तर ती म्हणायची, "शिजला." नाही विरघळला तर म्हणायची, "ठेवा." आणि ठेवा म्हटलं की आप्पासुद्धा चकार शब्द काढायचे नाहीत, मडकं परत राखेत. गावात आप्पांचा शब्द खाली पडायचा नाही, पण त्या दिवशी आत्तीच्या जिभेपुढं त्यांचं काही चालायचं नाही. दात का लावायचा नाही, असं मी एकदा आत्तीला विचारलं होतं. ती म्हणाली, घरात कुणीतरी बिनदाताचं असतंच की रं, एका टोकाला म्हातारं न्हायतर दुसऱ्या टोकाला तान्हं. त्यांला खाता आलं पायजे, मग बाकीच्यांनी खायचं. मला तेव्हा ते पटलं नव्हतं, कारण मला भयंकर भूक लागलेली होती.

आता मडकं ठेवायला राख हवी, आणि राखेला भट्टी हवी. माझी सगळी नोकरी बेळगावात ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर गेलेली. भट्टी म्हटलं की माझे हात शिवशिवतात. मागच्या अंगणात तेलाचा जुना पिंप अर्धा कापला, आतनं भट्टीच्या विटा लावल्या, चिखलानं लिंपलं, हवेला खाली झरोका ठेवला, झरोक्याला पत्र्याचं दार. निपाणीकडच्या त्याच गुऱ्हाळावरून चिपाडं आणली आणि पोतंभर राखही आणली.

मंगल कमरेवर हात ठेवून बघत होती. "लोकं निपाणीहून काय काय आणतात, आमच्याकडं राख येते," ती म्हणाली. मग पिंपाभोवती एक फेरी मारून, "घेवडाच शिजवायचाय ना? का लोखंड वितळवायचंय?"

मंगल येळ्ळूरची. तिकडं भाताची शेतं आणि पाठोपाठ मसूर. "आमच्याकडं मसूर शिजवायला एवढा तमाशा नसतो बाई. घेवडा आधी कुकरला लावू का?"

"कुकर? मडक्यातल्या घेवड्याला कुकर? आत्तीनं ऐकलं असतं तर उंबऱ्यातनं परत गेली असती!"

"बरं बाबा. तुम्ही जाणा आणि तुमची राख जाणे."

आक्का रविवारी यायची होती. आधी एकदा करून बघू म्हणून मी बुधवारी मडकं लावलं. सगळं आठवून आठवून, अगदी आप्पांसारखं. रात्रभर भिजलेला घेवडा, कांदे, लसूण, मिरच्या, वाकड्या बाटलीतली निम्मी काकवी, पाणी. लेप. राख. आणि मग मी दिवसभर त्या पिंपाभोवती घिरट्या घातल्या. दुपारपासून जो वास सुटला म्हणता! शेजारच्या कुलकर्णी बाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, काय हो, दिवाळी परत आली की काय. मी हवेत तरंगत होतो. दिवेलागणीला मडकं काढलं, झाकण उघडलं. काळाभोर रस, चमकणारा, वर तेलाचा तवंग. मी एक घेवडा जिभेवर ठेवला आणि टाळ्याला दाबला.

दगड!

परत ठेवलं. जेवायच्या वेळी बघितलं, दगड. सकाळी बघितलं, दगड, आणि वर साल सुरकुतलेली. पाणी वाढवलं, आच वाढवली, शेवटी चिडून मडक्यालाच दोन शिव्या हासडल्या. घेवडा काही बधला नाही. मी पायरीवर बसलो. माझ्या डोळ्यांपुढं आक्काचं नाक आणि त्यातली नळी. ती एका गोष्टीला हो म्हणाली होती, एकाच, आणि ती मला जमत नव्हती. हा दगड तिच्या घशात अडकला असता तर ती पुन्हा कशालाच तोंड उघडणार नव्हती.

नाइलाजानं फोन लावला. मंगलनं स्पीकर चालू केला.

"आक्का, घेवडा शिजंना गं."

"काकवी कवा घाटलीस?"

"सुरवातीलाच की. आपण तशीच घालत हुतो न्हवं?"

पलीकडनं घरघर ऐकू आली. मी घाबरलो, ठसका लागला वाटलं. पण तो ठसका नव्हता. आक्का हसत होती! ऑपरेशन झाल्यापासून मी तिचं हसणं ऐकलंच नव्हतं.

"आरं येड्या, आई पहाटं उठून घेवडा शिजवायची. घरात, चुलीवर. साध्या पाण्यात, मीठबी न्हाय घालायची. बोटानं चिरडला की मग मडक्यात भरून गुऱ्हाळावर धाडायची. गोड आधी लागलं की घेवडा आकसतोय, आन् गुऱ्हाळाच्या काकवीत चुना असतोय, मग तर कवाच मऊ हुईत न्हाय. तुमी बाप्ये लोक तिकडं बसून निस्ती काकवी वतायचा."

"बघा," मंगल म्हणाली, "आणि मी कुकर म्हटलं तर माझ्यावर ओरडले."

"वरडला व्हय? मंगल, येते मी रविवारी, मग बघते त्याच्याकडं."

फोन ठेवला. आमच्या घरात आजही त्या घेवड्याला 'गुऱ्हाळाचा घेवडा' म्हणतात. सगळ्यांना राख आठवते, आप्पांचं फावडं आठवतं, आत्तीची जीभ आठवते. पहाटेची चूल कुणालाच आठवत नाही, कारण तेव्हा आम्ही गोधडीत होतो. आई गुऱ्हाळावर मडकं पाठवायची आणि दिवसभर घरातलं बघायची. संध्याकाळी आत्ती शिजला म्हणायची तेव्हा सगळे आप्पांकडं कौतुकानं बघायचे. आई कुठं असायची? आठवायला गेलो तर वाढताना तिचे हात दिसतात, चेहरा दिसत नाही. मला ते फार लागलं. तिच्या घेवड्याच्या जोरावर आप्पांनी वर्षानुवर्षं भाव खाल्ला आणि तिनं तो खाऊ दिला.

शनिवारी घेवडा परत भिजवला. रविवारी पहाटे उठलो, मंगलही उठली, आणि स्वयंपाकघरात आम्ही दोघांनी मंद आचेवर साध्या पाण्यात घेवडा ठेवला. पाणी हलकं हलकं उकळत होतं, खिडकीतनं थंडी येत होती, मंगलनं चहा टाकला. मला पहिल्यांदाच कळलं की ह्या रीतीतला हाच भाग सगळ्यात सुंदर आहे. दोन बोटांत धरला तर घेवडा हूं की चूं न करता चिरडला. मी नाचायला लागलो. "हळू, आक्का यायची आहे, पाय मोडून घ्याल," मंगल म्हणाली. मग कांदे, लसूण, मिरच्या, तेल, आणि आता काकवी! लेप. राख. पिंपाचं दार मी जरासंच उघडं ठेवलं आणि त्याकडं पाठ करून बसलो. दम धरायचाच असं ठरवून बसलो. दुपारपर्यंत दोनदाच उठलो, आणि तेही पाणी प्यायला.

वाट बघताना एक जुनी संध्याकाळ आठवत राहिली. त्या वर्षी आत्ती बाळंतीण होती, ती आली नाही. आक्काचं नुकतंच लग्न झालेलं, म्हणजे आता माहेरवाशीण तीच. हिरवी साडी, हातभर चुडा, डोक्यावर पदर, खाली मान. मला ती पाहुण्यांतली कुणीतरी वाटत होती. सकाळपासून माझ्याशी धड बोललीही नव्हती. मी ताट घेऊन सगळ्यात पुढं बसलो होतो. तिनं झाकण काढलं, घेवडा जिभेवर घेतला, टाळ्याला दाबला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि अगदी गंभीर आवाजात म्हणाली, "ठेवा."

मी भोकाड पसरलं. आप्पांनी मुकाट्यानं मडक्याला हात घातला. आणि ही पदरात तोंड खुपसून हसायला लागली. "शिजलाय की आप्पा, लोण्यागत! ह्याचं त्वांड बघायचं हुतं मला." आप्पा हसले. गुळाच्या भावाखेरीज कशावर न हसणारे आप्पा! आणि मी रडता रडता इतका खूश झालो, कारण आमची आक्का कुठं गेलेली नव्हती. चुड्याच्या आत तीच होती.

सूर्य कलला तशी गाडी दारात आली. भाचा संतोष आधी उतरला, मग त्याच्या हाताला धरून आक्का. गळ्याभोवती मफलर. इतकी वाळली होती की मी बघतच राहिलो, तर म्हणाली, "काय बघतोस? मडकं कुटं हाय?"

मागच्या अंगणात खुर्ची टाकली. तिनं पिंपाकडं बघितलं, विटांकडं बघितलं. "ही काय तोफ हाय व्हय रं?" मी राख ओढली, मडकं काढलं, तिच्या पुढ्यात पाटावर ठेवलं. तिनं पळीच्या टोकानं कणकेचा लेप फोडला, झाकण सरकवलं, आणि तो वास बाहेर आला. सगळा. आमचं गुऱ्हाळ, चिपाडं, आप्पांचं फावडं, आणि आता त्यात पहाटेची चूलही. आक्कानं डोळे मिटले. मग एक घेवडा पळीवर घेतला. फुंकला. जिभेवर ठेवला.

कुणी हललं नाही. संतोष पाण्याचा पेला घेऊन ठसक्याची वाट बघत उभा. मंगलनं माझा दंड धरलेला. आक्काची जीभ टाळ्याला लागलेली गालावरून कळत होती. मग तिनं गिळायला घेतलं आणि मफलरच्या वरची ती ऑपरेशनची रेघ वर सरकली. वरच थांबली. मी देवाचं नाव घेतलं नाही, मी आईचं नाव घेतलं. रेघ खाली आली.

ठसका नाही. काही नाही. आक्कानं डोळे उघडले, माझ्याकडं एकदा बघितलं आणि अगदी गंभीर आवाजात म्हणाली,

"ठेवा."

मंगलचा हात माझ्या दंडावरून सुटला. सगळं करून, सगळं बरोबर करून! पण रीत ती रीत. मी फडकं घेतलं, आप्पांसारखाच मुकाट्यानं खाली वाकलो आणि मडकं उचलायला हात पुढं केला.

"हात काढ की रं," आक्का म्हणाली. तिची पळी पुन्हा मडक्यात बुडलेली होती आणि डाव्या हातात तिनं वाटी धरली होती.